परातीबाहेरचा एक

“आता पप्पांचा,” मी म्हटलं.

पप्पांनी पितळी परातीतून आपला मोबाईल उचलला, बाजूचं बटण दाबून धरलं, काळा पडलेला पडदा मला दाखवला आणि परत परातीत ठेवला. माझ्या मांडीवर त्यांचाच लॅपटॉप होता. त्यात आमच्या नेटवर कोण कोण आहे त्याची यादी होती, तिच्यातून पप्पांची ओळ गेली.

“आईचा.”

आईची ओळ गेली.

“आण्णा, तुमचा.”

थोरल्या काकांना आम्ही आण्णा म्हणतो. त्यांना कुणी काही करायला सांगत नाही, सांगायचं काम त्यांचं. पण त्या संध्याकाळी त्यांनी निमूट फोन बंद केला. मला काय वाटलं म्हणून सांगू. आठवीतली मुलगी मी, आणि अख्खं घर माझ्या बोटावर चालू-बंद होत होतं.

टीव्हीची पिन मी आधीच काढून ठेवली होती. आता यादीत फक्त लॅपटॉप उरायला हवा होता. उरल्या दोन ओळी.

“सापडला,” मी जवळजवळ किंचाळलेच. “घरातले सगळे बंद आहेत, तरी कुणीतरी आपल्या नेटवर बसलंय.”

“कोण?” आण्णांनी विचारलं.

“नाव नाही. नुसती अक्षरं आणि आकडे आहेत.”

काकूकडे मोबाईल नव्हताच, ती भाकरी वाढत होती. भाकरी क्षणभर तिच्या हातातच राहिली, मग आण्णांच्या ताटात जरा कडेलाच पडली. ते मला दिसलं. मला वाटलं, माझी हुशारी बघून तीसुद्धा थक्क झाली.

परात आमच्याकडची जुनीच, काम मात्र नवं. आम्ही तासगावचे मगदूम, जैन. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात. जेवायला बसताना सगळ्यांनी आपापला मोबाईल परातीत ठेवायचा, परात आण्णांच्या उजव्या हाताशी, आणि चूळ भरल्याशिवाय कुणी उचलायचा नाही. हा नियम त्याच्या दीड वर्ष आधी, चंदाताई गेल्यावर सुरू झाला.

चंदाताई म्हणजे चंदना, आण्णा-काकूंची एकुलती मुलगी. शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला वर्गातल्या मुलाशी लग्न करून पुण्याला निघून गेली. मुलगा आमच्या समाजातला नव्हता. जाताना स्वतःचा मोबाईल उशीखाली ठेवून गेली, अकरावीला आण्णांनीच हौसेने घेऊन दिलेला. “विहिरीत टाक तो,” आण्णा काकूला म्हणाले. काकू तो पदराखाली घेऊन मागच्या विहिरीकडे गेली, पाण्यात डुबुक झालेलं मी स्वतः ऐकलं. दुसऱ्या दिवशी आण्णांनी सांगितलं, या घरात तिचं नाव निघणार नाही, आणि पोरींच्या हातात फोन दिसणार नाही.

पोरी कसल्या, घरात पोरगी उरली होती एकच. मी, निर्झरा. माझी शिकवणी बंद झाली, सहल बंद झाली. शाळेची रिक्षा दारातून उचलायची आणि दारातच सोडायची, मधे वहीसुद्धा घ्यायला उतरायचं नाही. मैत्रिणीच्या वाढदिवसाला आई बरोबर यायची आणि केक कापायच्या आधी घड्याळ बघायला लागायची. दार ताईने उघडलं, लागलं मात्र माझ्यावर. मला तिचा भयंकर राग यायचा, आणि नाव काढायचं नाही म्हणून तो राग कुणाला सांगताही यायचा नाही.

त्या वर्षी माझं मॉडेल जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी निवडलं गेलं. सांगलीला दोन दिवस, एक रात्र शाळेच्या बाईंबरोबर मुक्काम. आण्णांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. शब्द एकच, पण त्यापुढे माझी सगळी वकिली वाया गेली.

आणि मग आमचं नेट बिघडलं. आण्णा आणि पप्पांचा बेदाण्याचा व्यापार. शीतगृहातला कॅमेरा बघणं, सौद्याचे निरोप, सगळं घरच्या नेटवर. ते दुपारी जायचं, संध्याकाळी जायचं, यायचं तेव्हा लंगडत यायचं. नेटवाला माणूस दोनदा येऊन वायर बदलून गेला. आण्णांचं म्हणणं, मागच्या घरांमधलं कुणीतरी आपलं नेट खातंय. मी म्हटलं, मी शोधते, शाळेच्या संगणकखोलीत सरांनी आम्हाला शिकवलंय. आण्णांनी मला खालून वर पाहिलं. “नीट करून दाखव,” ते म्हणाले. “मग सांगलीचं बघू.”

तर असा तो जादाचा एक सापडला.

“पासवर्ड बदलला की बाहेर फेकला जाईल,” मी सांगितलं. “बदलू?”

वायफाय पाच वर्षांपूर्वी चंदाताईनेच बसवलं होतं. पासवर्ड होता ‘चंदना’ आणि पुढे एक-दोन-तीन. तिचं नाव घरात कुणी घेत नव्हतं, पण नवा फोन आला की प्रत्येक जण मुकाट्याने तेच टाइप करायचा. आण्णासुद्धा.

त्यांनी खिडकीतून सूर्य किती उरलाय ते पाहिलं. “बदल,” म्हणाले. “आणि नवा तुझ्याजवळच ठेव. कुणाला सांगायचा नाही. तुझ्या आईलासुद्धा.”

मी बदलला. सगळ्यांच्या फोनमध्ये माझ्या हाताने घातला, कुणाला दिसू नये म्हणून ओढणीची आड करून. आण्णांच्या मोबाईलमध्ये तर यादीच बसवून दिली. आत्ता कोण आहे तेच नाही, दिवसभरात कोण येऊन गेलं तेही दिसायचं. प्रत्येक ओळीला मराठीत नाव दिलं: आण्णा, पप्पा, आई, लॅपटॉप, टीव्ही. रोज परातीत फोन ठेवण्याआधी आण्णा यादी उघडायचे आणि हजेरी घेतल्यासारखी मोठ्याने वाचायचे. पाच नावं. सहावं नाही. मग मला म्हणायचे, “बरोबर.” त्या एका शब्दावर मी रात्रभर तरंगायचे.

चोर गेला तरी नेट लंगडायचं थांबेना. तिसऱ्या दिवशी मी राउटरला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. तवा तापावा तसा तापला होता. कारण काकूची खोळ. काकूने राउटरला जुन्या गोधडीच्या तुकड्यांची, चांगली चार पदरी खोळ शिवली होती, कडेने लोकर लावलेली. आलेल्या बायका कौतुक करायच्या. मी ती ओढून काढली, काकूला ऐन स्वयंपाकात उभं करून उष्णता, हवा आणि यंत्रं यांवर भाषण दिलं, आणि नेट जे सुधारलं ते सुधारलंच. काकू म्हणाली, “धूळ बसू नये म्हणून गं.” एवढंच. आण्णांनी सांगलीच्या कागदावर सही केली.

त्यानंतरच्या भाज्या आठवतात मला. एक दिवस खारट, एक दिवस अळणी. पप्पा पुटपुटले, “वहिनींचं लक्ष कुठंय.” आईने त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.

पाचव्या दिवशी शाळेतून आले. आई बालवाडीत शिकवते, ती यायची होती. आण्णा-पप्पा सौद्याला गेलेले. काकू काथवटीत पीठ घेऊन बसली होती.

“निरू,” ती वर न बघता म्हणाली, “तो नवा शब्द काय ठेवलास गं?”

“कसला शब्द?”

“वायफायचा.”

“तुला काय करायचाय?” मी विचारलं, आणि माझ्या तोंडून आण्णाच बोलल्यासारखं वाटलं मला.

काकूने पिठात पाणी घातलं. पुष्कळ वेळ मळत राहिली. मग म्हणाली, “चंदीला सातवा लागलाय.”

दीड वर्षात घरात पहिल्यांदा ते नाव निघालं. मी दाराकडे पाहिलं, कुणी नसताना.

सामानाच्या खोलीत कुरडयांची कापडी पिशवी होती, तिच्या तळाशी तो होता. ताईचा मोबाईल, कोपऱ्याला तडा गेलेला. कंपनीचं कार्ड कधीच बंद पडलेलं, चालायचा तो फक्त घरच्या नेटवर. पुरुष सौद्याला, आई शाळेत, मी शाळेत. दुपारी एक ते एक बारा. मायलेकी बोलायच्या.

“मग विहिरीत काय टाकलंस?” मी विचारलं.

“बत्ता. डुबुक वाजायला नको?”

तेव्हा मला कळलं, दीड वर्ष आमच्या खलाला बत्ता का नाही आणि काकू वेलदोडे पेल्याच्या बुडाने का कुटते.

“रोज बोलायचो,” ती म्हणाली. “आता पाच दिवस झाले. तिला वाटत असेल, आई पण...” पुढचं तिने मळून टाकलं.

मी म्हटलं, बघते.

खोटं कशाला सांगू, मी काही बघितलं नाही. दोन दिवस नुसती गप्प राहिले. शब्द दिला तर तो फोन त्याच संध्याकाळी आण्णांच्या यादीत सहावा म्हणून उभा राहणार. मग तो खराच विहिरीत जाणार, माझी सांगली जाणार आणि काकूचं काय होणार ते मला विचारवत नव्हतं. नाही दिला तर काहीच होणार नव्हतं. फक्त बारा मिनिटं जाणार होती, आणि ती गेलेली कुणाला दिसणार नव्हती. शिवाय जिच्यामुळे मी कोंडले गेले तिच्यासाठी मी का मरू, हेही होतंच डोक्यात. गंमत म्हणजे भिंत मीच बांधली होती. वीट न् वीट माझी, आणि आता त्या भिंतीला फट कुठे आहे ते मलाच सापडत नव्हतं. दोन्ही संध्याकाळी आण्णांनी पाच नावं वाचली आणि “बरोबर” म्हणाले.

तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीत टेबलावर ती खोळ दिसली. धुतलेली, उसवून सपाट केलेली. काकू म्हणाली, “तुझ्या मॉडेलच्या काचेला गुंडाळ. गाडीत आदळआपट होते. आता मला तशीही लागत नाही ती.”

“आधी तरी कशाला शिवलीस?”

“ते हिरवे दिवे गं. मी चंदीशी बोलायला लागले की लुकलुकायचे. मला वाटायचं, हॉलमध्ये बसलेल्या कुणालाही कळतंय, आत कोणतरी बोलतंय म्हणून.”

“काकू, ते कुणी काहीही केलं तरी लुकलुकतात.”

“होय?” ती म्हणाली. “म्हणजे उगाच शिवली.”

ती हसली. मला नाही हसू आलं. ती दिवे झाकायला गेली म्हणून डबा तापला, डबा तापला म्हणून नेट बिघडलं, नेट बिघडलं म्हणून आण्णांनी मला लावलं आणि मी तिला शोधून काढलं. तिने टोमणा मारला असता तर मी बहुतेक निसटले असते. तिने काच गुंडाळायला कापड दिलं.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. काथवटीत पीठ पसरलेलं होतं. त्यात बोटाने नवा पासवर्ड लिहिला, एकेक अक्षर सुटं. काकूने ओठ हलवत दोनदा वाचला. मग त्यावर पिठाचा गोळा ठेवला आणि थापायला लागली. ती भाकरी त्या दिवशी कुणाच्या ताटात गेली, माहीत नाही.

संध्याकाळी आण्णांनी यादी उघडली.

“आण्णा. पप्पा. आई. लॅपटॉप. टीव्ही.” ते थांबले. चष्मा वर सरकवला. “टीव्ही, आवाज. हे काय?”

नाव मीच दिलं होतं, दुपारी लॅपटॉपवरून, दुसरं काही सुचेना म्हणून. आता तोंड माझंच उघडायचं होतं.

“टीव्हीचे दोन असतात,” मी म्हटलं. “एक चित्राचं, एक आवाजाचं.”

“आधी एकच होतं.”

“नेट नीट नव्हतं ना तेव्हा. आता दोन्ही वेगळे दिसतात.”

पप्पांनी मान वर केली. त्यांना फोनमधलं बरंच कळतं. ते काहीतरी बोलणार एवढ्यात आईने त्यांच्या ताटात चटणी वाढली, नको एवढी, आणि म्हणाली, “अहो, जेवा. दिवस चाललाय.” तिला किती माहीत होतं ते मी आजवर विचारलेलं नाही.

काकू चुलीकडे तोंड करून उभी होती. तिची पाठ अगदी ताठ झालेली.

आण्णा पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी फोन परातीत ठेवला. “असेल,” म्हणाले, आणि भाकरी मोडली.

नंतर तर आण्णा घरी आलेल्या एका अडत्याला ते समजावून सांगत होते, आमच्या टीव्हीला दोन लागतात, एक चित्राला, एक आवाजाला. अडत्या मान डोलवत होता. मी आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसले. मला वाटलं, मी जगात सगळ्यात हुशार आहे.

सांगलीला गेले. दुसरा नंबर आला. दोन दिवस बसस्टँडच्या बाजूचं दुकान न् दुकान बाईंच्या नजरेच्या टप्प्यात राहून बघितलं. परत आले तेव्हा दारातली रिक्षा तीच होती आणि परातही तीच.

दोन महिने सुरळीत गेले. मग ताईला नववा लागला, आणि त्या फोनच्या चार्जरची वायर पिनेपाशी तुटली. साधी गोष्ट. पण तो जुना फोन, त्याची पिन वेगळी, चपटी आणि रुंद. घरात सगळ्यांचे फोन नव्या पिनेचे. मी आईचा चार्जर लावून बघितला, पप्पांचा बघितला, तुटक्या वायरला चिकटपट्टी गुंडाळून दोन तास धरून बसले. काही नाही. चार्जरची चार दुकानं बाजारपेठेत, माझ्या रिक्षाच्या रोजच्या वाटेवर. काचेमागे टांगलेल्या वायरी मला रिक्षातून दिसायच्या. उतरता यायचं नाही. मैत्रिणीला सांगायचं तर काय सांगायचं. काकू तर देवळापलीकडे एकटी जातच नव्हती.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. “तारीख उलटलीय गं,” काकू मला तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, आणि वेलदोडे कुटताना तिने पेला फोडला.

त्या संध्याकाळी आण्णा उशिरा आले, सूर्य बोटभर उरला असताना. पाटावर बसले. यादी उघडली, पण मोठ्याने वाचली नाही. फोन परातीत ठेवला. मग खिशात हात घातला आणि परातीत आणखी काहीतरी ठेवलं. कागदाच्या पुडीत गुंडाळलेलं.

“निरू,” ते म्हणाले, “तीन दिवस झाले, टीव्हीचा आवाज यादीत दिसत नाही.”

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं.

“काहीतरी बिघडलं असेल त्याचं. ह्याने होतंय का बघ.”

मी पुडी उघडली. आत चार्जर होता. चपट्या, रुंद पिनेचा.

पप्पा ताटाकडे बघत होते, आई पप्पांकडे. त्या पिनेचा फोन आमच्या घरात आजवर एकच आला होता, आणि तो ज्यांनी आणला होता ते आमटीत भाकरी कुस्करत होते. काकू ओट्यापाशी उभी होती, हातात उलथणं धरून.

“वाढ की,” आण्णा तिला म्हणाले. “दिवस मावळतोय.”

तिने वाढलं. सगळे जेवले. चार्जर माझ्या मांडीवर होता. चूळ भरायला उठताना मी तो काकूच्या हातात दिला आणि ती सामानाच्या खोलीत गेली. तिने दार लावलं नाही, नुसतं लोटलं.

आण्णा हॉलमध्ये येऊन खुर्चीत बसले. बातम्यांची वेळ झाली होती. मी टीव्हीचं बटण दाबायला गेले.

“नको,” ते म्हणाले. “राहू दे बंद.”

ते मोबाईल उघडून यादी समोर धरून बसले. मी खुर्चीमागे उभी. बाहेर उजेड जात होता आणि दिवा लावायचं कुणी म्हणत नव्हतं. बऱ्याच वेळाने यादीत सहावी ओळ परत उगवली, पुढे हिरवा ठिपका.

“आला,” आण्णा म्हणाले. मला नाही, कुणालाच नाही.

आतून काकूचा आवाज ऐकू यायला लागला. आधी शब्द कळत नव्हते, नुसतं हुं हुं. मग ती एकदम रडली, मग हसली, मग विचारायला लागली, परवा होय, किती वाजता, वजन किती, दूध नीट ओढते का. आण्णा काळ्या टीव्हीसमोर ताठ बसले होते, बातम्या बघायला बसतात तसेच.

“दाखव, दाखव, जवळ धर,” काकू आत म्हणत होती. “अगं, डोळे तुझे आहेत. पण नाक बघ चंदे. नाक ह्यांचं आलंय.”

आण्णांनी चष्मा काढला. अंधारात त्यांचा हात नाकाशी गेला, तिथे जरा थांबला. मग त्यांनी चष्मा परत घातला आणि म्हणाले, “निरू, यादीत ठेव तसंच. नाव बदलू नको.”